गोनरोकूचा पांढरा कंदील

होताका, १२ जून १९९४

चि. चिझुरू हिस ताईचे अ. आ.

वि. वि. पत्र वाचायच्या आधी खाली बस. कायो कडेवर असेल तर तिला उतरव. आपला गोनरोकू मंगळवारी गेला. आजारी नव्हता, म्हातारा म्हणावा असाही नव्हता. सकाळी कोंबडी खाल्ली, पोस्टमनवर नेहमीसारखा भुंकला, आणि आई पडवीत उमेच्या कच्च्या फळांची देठं काढत बसली होती तिथं तिच्या पायाशी येऊन आडवा झाला. टोपली रिकामी झाल्यावर आईने त्याला चल म्हटलं, तर तो उठलाच नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्याला कळलंसुद्धा नसेल.

फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. फोन आहे जिन्याखाली, आणि आई त्याचा गळपट्टा मांडीवर घेऊन दिवसभर तिथंच बसते, कारण तिथून त्याची झोपायची जागा समोर दिसते. शिवाय तिनेच बजावलं की चिझूला फोनवर एकदम सांगू नकोस, तिने दिलेला कुत्रा तो, ती कोलमडेल, पत्राने हळूहळू सांग. तू कोलमडशील याची तिला काळजी आहे. मी त्याला उचलून गाडीत ठेवला तेव्हा माझं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

डोंगरापलीकडे जनावरांचं दहन करून देतात, तिथे नेला. अस्थी उचलायला आम्ही दोघीच. बाबांच्या वेळी केलं तसंच, एक एक हाड दोघींनी काड्यांनी दोन बाजूंनी धरायचं आणि कलशात ठेवायचं. माझी काडी घसरली तर आई म्हणाली, नीट धर, त्याला लागेल. चिझू, बाबांच्या वेळी ती असं काही म्हणाली नव्हती. अकरा वर्षं झाली बाबांना. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, लोकांना चहा देत फिरत होती. आणि मी नवऱ्याचं घर सोडून नागोयाहून दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा एवढंच म्हणाली की पांघरूण वरच्या कपाटात आहे. आता मात्र रडते ती अशी, की समोरच्या घरातली खिडकी हळूच लावून घेतात.

तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? मला हेवा वाटतो. मेलेल्या कुत्र्याचा. काल चुकून त्याच्या उशीवर बसले तर तिने मला लहान मुलीसारखं उठवलं. एक्केचाळीस वर्षांची आहे मी. कलश बाबांच्या देव्हाऱ्यात ठेवलाय, अगदी बाबांच्या शेजारी, आणि बाबांचा फोटो जरा बाजूला सरकवलाय.

ती जेवत नाही ही मात्र खरी काळजी. दोन घास खाते आणि उठते. उमे तशाच पडून पिवळ्या पडायला लागल्या, म्हणून यंदा खारवायचं कामही मीच केलं. तिला कसं सावरायचं ते सुचव. तू लांब आहेस, म्हणजे तुला नक्की सुचेल.

लोभ कुत्र्यावर होता त्याहून थोडा कमी चालेल, पण असू दे.

तुझी ताई,
फुमिए


साप्पोरो, १८ जून

ती. ताईस सा. न. (रागावून केलाय, तरी नमस्कारच समज.)

वि. वि. तू सांगितलंस म्हणून बसले, आणि मग संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. कायोने येऊन माझ्या तोंडावर टॉवेल दाबला. माझं लग्न होऊन इकडे यायचं ठरलं तेव्हा दोन महिन्यांचं पिल्लू शर्टात घालून घरी आणलं होतं मी. आई एकटी पडेल, रोज कुणाला तरी जेव म्हणायची सवय तिची सुटेल, एवढीच भीती होती. तो आठ वर्षं पुरला. मी त्याला शेवटचं गेल्या नव्या वर्षाला पाहिलं, आणि गाडी सुटायची घाई म्हणून धड हातही फिरवला नाही.

आईचं म्हणशील तर तिला बोलू दे. दुसरा कुत्रा आणू, असं चुकूनही म्हणू नकोस. आमच्या शेजारणीचं मांजर गेलं तेव्हा सगळे हेच म्हणत होते आणि ती बिचारी दार लावून बसायची. तिला नेहमीच्या वाटेने फिरायला ने, कालव्याच्या कडेने, वासाबीच्या वाफ्यांपर्यंत. त्याचे फोटो काढून दोघी मिळून बघा. एकोणपन्नासावा दिवस येईल, तो माणसाचा पाळतात तसा पाळायचा म्हणाली तर हसू नकोस. आणि मुख्य म्हणजे तूही रड की गं थोडी तिच्याबरोबर. रोज संध्याकाळी तो फाटकाशी कुणाची वाट बघायचा? माझी नव्हे.

आता हेव्याचं. तुला कुत्र्याचा वाटतो, मला तुझा वाटतो, आणि तू तर अजून जिवंत आहेस. आईचं मला जे पत्र येतं त्यात चार ओळी असतात. दोन गोनच्या, एक तुझी, म्हणजे फुमिएने खिडक्यांचे कागद बदलले, फुमिएचा मुळा आता बरा शिजतो. चौथीत माझी तब्येत, तीही प्रश्नचिन्हाशिवाय. तू तिच्या हातचा भात रोज खातेस आणि वर तक्रार करतेस. मी इथे सासूबाईंच्या हातचं गोड सूप पिते आणि छान झालंय म्हणते.

रागावू नकोस, म्हणजे फार रागावू नकोस. माझ्या वाटचा लोभ गोनला दिला होतास तो आता परत कर.

तुझी,
चिझू


होताका, २८ जुलै

चि. चिझूस ताईचे अ. आ., पण या खेपेला जरा हात आखडूनच.

वि. वि. तुझे उपाय करून बघितले. फिरायला नेलं. आईने रिकामा गळपट्टा दोरीला अडकवला, दोरी हातात घेतली आणि निघाली. प्रत्येक खांबाशी थांबली, त्याला लागायचा तेवढा वेळ. वासाबीच्या वाफ्यांत काम करणाऱ्या बायका टोप्या काढून उभ्या राहिल्या. मी मागून चालत होते, माझ्याकडे कुणी बघितलं नाही. एकदा दोरी जमिनीवर घासत होती तर मी उचलून धरली, तेव्हा आई म्हणाली, असू दे, त्याला ओढलेलं आवडत नाही.

फोटो बघितले. गोनचे एवढे फोटो, आणि माझे ज्यात आहेत त्यात मी अर्धी, कारण कॅमेरा त्याच्याकडे धरलेला. एका फोटोत माझे नुसते मोजे आहेत. आई तो फोटो हातात घेऊन किती तरी वेळ बसली, आणि तिला दिसली ती त्याची शेपटी.

एकोणपन्नासावा सोमवारी झाला. देवळातले गुरुजी चांगला माणूस, न हसता आले आणि पाठ म्हणून गेले. नैवेद्याला आईने कोंबडी उकडली, हाताने एक एक रेषा सोडवली, अजून रोज सकाळी करते तशी. मग माझ्यापुढे कालचा भात आणि लोणचं. मी तेच खाल्लं. कोंबडी मला आवडत नाही असं नाही, चिझू.

पोटात सारखं जळजळायला लागलं म्हणून मात्सुमोतोच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. जेवण चुकवते आहेस, वाळली आहेस, असं डॉक्टर म्हणाले आणि औषध दिलं. ही जळजळ कशाची ते त्यांना सांगायचं कसं? तिथेच आपल्या शेजारच्या कादोवाकी काकू भेटल्या. माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या एक्स-रेच्या पाकिटाकडे बघून त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि माझा हात सोडेचनात. परत येताना गाडीत मला संत्रं सोलून दिलं. चला, म्हटलं, कुणी तरी विचारपूस केली.

आता मुख्य गोष्ट, आणि ही आईला कळू द्यायची नाही. इझूकडे, इतो गावात समुद्राकाठी एक जुनं विश्रामगृह आहे, तिथे स्वयंपाकघरात बाई हवी आहे. राहायला खोली, जेवण तिथलंच. मी हो म्हणायच्या बेतात आहे. ऑगस्टातला पितरांचा सण, बोन, संपला, त्यांना निरोप दिला की मी जाणार. सहा वर्षं या घरात आहे मी, सरपण, छप्पर, बर्फ, सगळं बघितलं, आणि घरात माणूस नाही असं वाटावं तसं आई त्या रिकाम्या उशीकडे बघत बसते. मी एकच प्रश्न स्वतःला विचारते. मी मेले तर ही एक वेळचं तरी जेवण सोडेल का? उत्तर आलं नाही, म्हणून जाते.

एवढं लिहिल्यावर लोभ कसला मागू? उरला असेल तर राहू दे.

फुमिए


साप्पोरो, ४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न., दोन वेळा, कारण पहिला करून लगेच भांडणार आहे.

वि. वि. तू जाणार, आणि आई? सत्तरीला आलेली बाई, जेवत नाही, दोरीला कुत्रा नसताना कुत्रा फिरवते, तिला तू बर्फाच्या तोंडावर एकटी सोडणार? मी येऊ शकत नाही. कायोला कांजिण्या आल्यात, बोनलाही आता जमणार नाही. जमलं असतं तर रांगत आले असते. तुला जी जागा टोचते तिथे बसायला मी काय वाटेल ते देईन, आणि तू ती जागा रागाने मोकळी करते आहेस. माझा जळफळाट होतोय इथे.

आता थंड डोक्याने लिहिते. तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. आई बोलत नाही, ती आपल्या दोघींशी कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. कुत्र्याशी बोलायची, कारण तो उलटून उत्तर देत नव्हता. पण जायचं तर तिच्यासमोर बसून, सांगून जा. पळून जाऊ नकोस. एकदा नागोयाहून तशी आलीस, आता इथून तशी जाऊ नकोस.

आणि यंदा गोनचा पहिला बोन आहे. तिला त्याच्यासाठी काही तरी करू दे. काकडीचा घोडा करतोच ना पितरांना लवकर येता यावं म्हणून, आणि वांग्याची गाय सावकाश परत जायला? तसाच एक छोटा घोडा त्याच्यासाठी, एवढंच. कोवळी काकडी घे, त्याला मोठ्या घोड्याची भीती वाटेल. कुणाचं काय जातंय?

लोभ सांभाळून ठेव. उत्तर आलं नाही तर मी आईला फोन करणार, आणि तू जवळ असशील तरी.

चिझू


होताका, १७ ऑगस्ट

प्रिय चिझूस, जिवंत ताईचे अनेक आशीर्वाद. जिवंत हा शब्द नीट वाच, तो तसाच लिहिला आहे.

वि. वि. कुणाचं काय जातंय, असं तू विचारलं होतंस. माझा जीवच जायचा राहिला.

तुझ्या सांगण्यावरून मी आईला म्हटलं की गोनसाठी एक छोटा घोडा करूया का. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हो म्हणाली. मला बरं वाटलं. अकरा तारखेला बाजारातून आले तर बघते, घराच्या पुढच्या वळचणीला पांढरा कंदील. कोरा, लांब शेपटीचा, बाबांच्या पहिल्या बोनला लावला होता तसाच. मी म्हटलं की हा काढ, वर्षभरात घरातलं माणूस गेलं तरच हा लावतात, गावाला काय वाटेल. आई म्हणाली की घरातलंच गेलंय. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी गेले तर लावशील का एवढ्या हौसेने? ती आत निघून गेली. तू गप्प बस म्हणाली असती तरी चाललं असतं. हे सगळं कुंपणापाशी झालं, आणि कुंपणापलीकडे कादोवाकी काकू दुधी भोपळ्याला पाणी घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. आईला सांगितलं, मात्सुमोतोला मैत्रिणीकडे, सेत्सुकोकडे जाते. खरं म्हणजे इतोला गेले, ती नोकरी बघायला. जागा छान आहे, स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो. मी हो म्हणून आले. तेराला संध्याकाळी परतायचं हे मनाशी पक्कं होतं, कारण पितरांसाठी आग पेटवायला मी नाही असं कधी झालेलं नाही. पण हे मी आईला सांगितलं नव्हतं. रागात होते ना.

आता माझ्या मागे काय झालं ते. हे मला नंतर आईकडून आणि कादोवाकी काकूंकडून कळलं, आणि काकूंनी तर तीनदा सांगितलं. त्यांनी सगळं जुळवलं. फुमिए वाळली. फुमिए मोठ्या दवाखान्यात एक्स-रे घेऊन उभी होती. फुमिए मी गेले तर, असं ओरडली. फुमिए दोन दिवस दिसत नाही. आणि घराला पांढरा कंदील. गोन गेल्याचं सगळ्या गावाला ठाऊक, पण कुत्र्यासाठी पांढरा कंदील लावतं का कुणी? मग त्यांनी ठरवलं की दवाखान्यातच गेली असणार, बिचाऱ्या आईने गाजावाजा न करता उरकलं. तेराला दुपारी त्या काळे कपडे घालून आणखी तिघींना घेऊन आल्या. उदबत्तीचे खोके, पीचची पेटी. देव्हाऱ्यासमोर बसल्या, हात जोडले, आणि काकू म्हणाल्या की फुमिएसारखी मुलगी या गल्लीत दुसरी नाही, माझी जड पिशवी नेहमी तीच उचलायची.

आईला काय वाटलं असेल विचार कर. चार बाया काळ्या कपड्यांत आल्यात, माझं नाव घेऊन रडताहेत. कंदील आपणच लावलाय, त्यामुळे हा घोटाळा झालाय, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. तिला वाटलं, मात्सुमोतोला काही तरी झालं, मला अपघात झाला, आणि गावाला कळलं, आपल्यालाच कुणी सांगितलं नाही. त्यांना तशाच सोडून ती उठली आणि तिने सेत्सुकोला फोन लावला. सेत्सुको म्हणाली, फुमिए इथे आलीच नाही. मी खोटं बोलले होते ना, चिझू. आईने फोन ठेवला आणि सगळ्यांना घराबाहेर जायला सांगितलं. कादोवाकी काकूंना. सत्तर वर्षांत तिने कुणाला घराबाहेर जा म्हटलं नव्हतं.

मी स्टेशनवरून चालत आले तेव्हा दिवस बुडत होता. गल्लीत प्रत्येक दारासमोर भूर्जाच्या सालीची आग पेटलेली, काळा धूर, माणसं आपापल्या पितरांना या उजेडाच्या मागे घरी या म्हणून हाका मारताहेत. आपलं एकच दार अंधारात. फाटकात आई जमिनीवर बसलेली, पायात चपला नाहीत, पुढ्यात पाण्याने भरलेली बादली. भूर्जाची साल शेजारी पडलेली, पण भिजवून चिंब केलेली. नंतर कळलं की काकूंच्या मुलाने तिच्यासाठी आग पेटवायचा प्रयत्न केला होता, तर तिने त्यावर पाणी ओतलं. म्हणाली, आग पेटवली तर ती येईल, मला ती तशी यायला नको. मी बोलावणार नाही. बाबा ताटकळले तरी चालतील.

मी हाक मारली. आईने वर बघितलं नाही, खाली बघितलं, माझ्या पायांकडे. भुतांना पाय नसतात म्हणून. माझे होते, धुळीने भरलेले. तरी तिची खात्री पटेना. तिने बादली उचलली आणि सगळं पाणी माझ्या पायांवर ओतलं, आणि वाकून हाताने बघितलं की ते ओले झाले का. मग माझे घोटे दोन्ही हातांनी धरून बसली. पूर्ण काळोख होईपर्यंत तशीच. मग तिने विचारलं की जेवलीस का.

घरात गेलो तर करपल्याचा वास. गोनच्या नैवेद्याची कोंबडी शेगडीवर पातेल्यात कोळसा झालेली. दुपारपासून तिच्या लक्षातच नव्हती. तिने काही खाल्लं नव्हतं, आणि त्या दिवशी गोनलाही उपास घडला. मी इतके महिने ज्याच्यावर जळत होते त्याचीच मला दया आली. त्याचा काकडीचा घोडा ओट्यावर पडला होता, एका पायाने मोडका. मी तो हातात घेतला आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. रोज संध्याकाळी फाटकात माझीच वाट बघायचा तो. तू म्हणालीस ते मला माहीत होतं, पण मान्य करवत नव्हतं, कारण मग तोही माझा ठरला असता आणि मलाही रडावं लागलं असतं.

आई शेजारी बसली. मी विचारलं, बाबांच्या वेळी तू का नाही रडलीस? ती म्हणाली, वेळ कुणी दिला? दीडशे माणसं, त्यांना चहा, त्यांना वाकून नमस्कार, तुम्ही दोघी डोळे सुजवून कोपऱ्यात, आणि एकीने तरी उभं राहायला हवं होतं. नंतर रडायचं म्हटलं तर कारण काय सांगायचं? कुत्रा गेल्यावर कुणीच आलं नाही, म्हणून बसून रडता आलं, आणि एकदा सुरू झाल्यावर ते सगळंच आलं, बाबांचंही, माझं नागोयाचंही. तिने माझ्या नागोयाचं नाव घेतलं, चिझू. सहा वर्षांत पहिल्यांदा.

आग आम्ही चौदाला पेटवली, एक दिवस उशिरा. कोरडी साल कादोवाकी काकूंनीच दिली. त्या मला बघून आधी किंचाळल्या, मग हायड्रेंजियाच्या झुडपात बसल्या, आणि मग रुसल्या, कारण त्यांनी इतकं चांगलं बोलून ठेवलं होतं आणि ते आता परत घेता येत नव्हतं. पीच परत करायचे का असं मी विचारलं, तर आई म्हणाली, तुझ्या नावाने आलेत, तूच खा. आग पेटल्यावर आईने उशीर झाल्याबद्दल बाबांची माफी मागितली, आणि मग गोनला हाक मारली. मीही मारली. मोठ्याने.

आणि तिला मी इतोचं सांगितलं, समोर बसून, तू म्हणालीस तसं. ती पुरण भरलेले मांजू पिठात बुडवून तळत राहिली. मग म्हणाली, समुद्र दिसत असेल तर जा. पण खोटं सांगून कुठे जाऊ नकोस, तू कुठे आहेस ते मला ठाऊक हवं. पहिला मांजू तिने माझ्या ताटात वाढला, दुसरा देव्हाऱ्यात. काल निरोपाच्या आगीत तो कंदील तिने स्वतःच्या हाताने जाळला.

आता लोभाचं मागणं नाही. यंदा पोट भरलंय.

तुझी,
पाय असलेली ताई


साप्पोरो, २० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न., इतोच्या पत्त्यावर.

वि. वि. समुद्र कसा आहे ते मला सांगू नकोस. मासे कसे मिळतात तेही नको. मी सरळ तक्रारीवर येते. संध्याकाळी आठला आईला फोन करावा तर लागत नाही. साडेआठला करावा तर लागत नाही. काल शेवटी लागला तेव्हा आई म्हणाली की फुमिएशी बोलत होते, तिच्या हाताला चटका बसलाय, तिथे जाडे हातमोजे देत नाहीत. मग मला म्हणाली, तू लवकर आटप, ती पुन्हा करेल. ताई, ती जिन्याखाली फोनपाशी बसून राहते. तिथेच, जिथे गोनचा गळपट्टा घेऊन बसायची.

मी आनंदाने रडले आणि मग मला इतका राग आला की भांडी जोरात घासली. बादली घेऊन बसलेली आई मला रात्रंदिवस डोळ्यांपुढे दिसते, आणि ती माझ्यासाठी नव्हती. माझ्याबद्दल कुणाचा असा गैरसमज होणार नाही. मी इतकी लांब आहे की मी मेले तरी तुमच्या गल्लीत कुणाला संशय यायचा नाही. हे मी आईलाही लिहून टाकलंय, जसंच्या तसं. आता पश्चात्ताप होतोय, पण पेटीत टाकलेलं पत्र काढता येत नाही.

हाताला कोरफड लाव. लोभ वाटून घे, सगळा एकटीने खाऊ नकोस.

चिझू


होताका, ९ नोव्हेंबर

चि. चिझुरूस आईचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. एवढं लांब लिहायला तुला वेळ कसा मिळतो?

थंडी पडली. लोणच्यासाठी नोझावानाची पानं धुतली, पाणी बोटं कापतं. फुमिएने घातलेल्या उमे खारट झाल्यात, पण मी रोज एक खाते. दोरी खुंटीला टांगली आहे. फिरायला जाते, एकटी. वाफ्यांतल्या बायका आता माझ्याशी बोलतात. कादोवाकीबाई रोज येऊन बसते, तिला अजून वाटतं की तिची चूक नव्हती.

कायोच्या कांजिण्यांचे व्रण गेले का? तुझा खोकला? तू घालायचीस तो जाड स्वेटर धुऊन ठेवलाय. नव्या वर्षाला आलीस तर इथेच घाल, साप्पोरोला नेऊ नकोस. कोंबडी आणून ठेवते. फुमिएही येणार आहे. दोघींनी भांडायचं तर पडवीत भांडा, गोनच्या जागेवर. त्याला तुमचा आवाज आवडायचा.

तू जे लिहिलंस ते पुन्हा लिहायचं नाही. या घराला पुढचा पांढरा कंदील लागेल तो माझा. मग तुमचं काय ते तुम्ही बघा. तोवर तू नाही आणि ती नाही, रांग मोडायची नाही. बादली फाटकातच ठेवली आहे.

आई

ता. क. आठला फोन फुमिएचा असतो. तू सातला करत जा. मी साडेसहापासून बसते.